बॅग मुंबईत भेटणार का थेट अमेरिकेत?

शाळा सुरू झाल्या की या सदराकडं येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी गणपतीपुळ्याला कुठं राहू, काशीला कधी जाऊ असं चाललेलं असतं, आणि मग अचानक पोरगं जर्मनीला निघालंय, लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जायचंय, व्हिसा आलाय आता पुढं काय, हे सुरू होतं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरनं परदेशात थेट विमान नाही त्यामुळं कोल्हापूरकराला कनेक्शन, म्हणजे मधे विमान बदलणं, टळत नाही, कधी एक, कधी दोन. यावेळची पत्रं वाचताना जाणवलं की निम्म्याअधिक घोळ एकाच जागी होतोय, आणि तो म्हणजे तिकीट सलग एक आहे का तुकड्या-तुकड्यांचं आहे हे कुणी बघतच नाही, सगळे फक्त भाडं बघतात. काही पत्रं थोडी आखडून घेतलीत, रागावू नका.

प्रश्न : जावईबापूंनी आमच्या दोघांचं मुंबई-दोहा-शिकागो-कोलंबस असं तिकीट काढून पाठवलंय. कोल्हापूर-मुंबई विमान आम्ही इथनं वेगळं बुक केलं. मुंबईत उतरल्यावर पुढच्या विमानाला साडेतीन तास आहेत. शेजारी म्हणतात बॅगा उजळाईवाडीला टाकल्या की थेट कोलंबसलाच मिळतात. खरं का? माणशी २३ किलोच्या दोन बॅगा भरून तयार आहेत.
— निवृत्त शिक्षक, शाहूपुरी

उत्तर : सर, शेजारी त्यांच्यापुरतं खरं बोलत असतील, त्यांचं तिकीट सलग असणार. तुमचं नाही. दोन्ही तिकिटांवरचा सहा अक्षरी पीएनआर बघा, दोन वेगळे आहेत ना, म्हणजे कंपन्यांच्या हिशेबात हे दोन वेगळे प्रवास, आणि पहिल्या विमानवाल्याला तुम्ही पुढं दोह्याला जाताय का दादरला याच्याशी काही देणंघेणं नाही. बॅग मुंबईच्या पट्ट्यावर येणार, तिथनं तुम्हीच उचलायची, ट्रॉलीवर चढवायची, बाहेर यायचं, इंटरनॅशनल डिपार्चरला जाऊन परत रांगेत उभं राहायचं.

पण त्याच्या आधीची गोची वजनाची आहे आणि ती तुम्हाला घरातच कळलेली बरी. अमेरिकेच्या तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, देशातल्या साध्या तिकिटावर मात्र माणशी १५ किलोच. तुम्हा दोघांचं मिळून सामान ९२ किलो आणि मुंबईपर्यंत परवानगी ३० किलोची, म्हणजे ६२ किलोचे जादा पैसे उजळाईवाडीच्या काउंटरवर भरायचे, तेही किलोच्या दरानं. एवढ्या पैशात मुंबईपर्यंत स्पेशल गाडी होऊन वर वाटेत जेवणही होईल. हेच तिकीट एकाच पीएनआरवर असतं तर इंटरनॅशनलचं वजन सहसा अलीकडच्या टप्प्यालाही लागू झालं असतं.

आता साडेतीन तासांचं. ऐकायला भरपूर वाटतात. इंटरनॅशनलचा काउंटर विमान सुटायच्या साधारण तासभर आधी बंद होतो, ते धरलं की उरले अडीच. त्यातनं पट्ट्यावर बॅगा यायला लागणारा वेळ काढा. उतरणार कुठल्या टर्मिनलला ते बघा, कारण मुंबईचं टी-वन पार्ल्याच्या बाजूला आणि टी-टू सहारला, मधे चांगला चार-पाच किलोमीटरचा रस्ता आणि त्यावर मुंबईचं ट्रॅफिक. आणि आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झालाय, तेव्हा तिकिटावर बीओएम (जुना मुंबई विमानतळ) लिहिलंय का एनएमआय (नवी मुंबई) हे डोळ्यांत तेल घालून वाचा, एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरनं उडायचं असेल तर साडेतीन तासांचा विचार सोडूनच द्या. पावसाळ्यात छोटी विमानं उशिरा येणं, रद्द होणं नेहमीचंच. सलग तिकीट असतं तर पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचं हुकल्याची जबाबदारी कंपनीची, नंतरच्या विमानात तेच बसवतात. तुमच्या तिकिटात मधली फट तुमच्या अंगावर. दोह्याचं विमान हुकलं की नो-शो, म्हणजे प्रवासी आलाच नाही अशी नोंद, आणि नो-शो लागला की पुढचे सगळे टप्पे, बऱ्याचदा परतीचं तिकीटसुद्धा, सिस्टीममधनं रद्द होतं. हे बहुतेकांना माहीत नसतं.

म्हणून माझं म्हणणं, कोल्हापूर-मुंबईचं ते विमान सोडून द्या, जे काही रिफंड येईल ते येईल, आणि आदल्या दिवशी गाडीनं निघा. महालक्ष्मी एक्स्प्रेस आहेच, पण सकाळच्या वेळी दादरला चार मोठ्या बॅगा उतरवायला बरोबर तरणं माणूस पाहिजे. रस्त्यानं जाताना मोबाईल दाखवतो त्या वेळेवर जाऊ नका, कागल-सातारा सहापदरीकरणाच्या कामात कुठं अडकाल सांगता येत नाही. ठाण्या-डोंबिवलीत भाचा-पुतण्या कुणीतरी असेलच, एक मुक्काम तिथं टाका. कोल्हापूरकरासाठी याच्याइतका चांगला लेओव्हर (दोन विमानांमधला थांबा) जगात नाही, गरम जेवण मिळतं आणि एअरपोर्टला सोडायला माणूसही मिळतो.

पुढचा टप्पा मुंबई-कोलंबस एका तिकिटावर आहे, त्यामुळं दोह्यात बॅगांकडं बघायचंसुद्धा नाही, तुम्ही दोघं आणि हातातली पिशवी एवढंच. पण शिकागोत मात्र बॅगा उचलायच्या. टॅगवर कोलंबस लिहिलेलं असलं तरी. या मार्गानं जाताना अमेरिकेत जिथं पहिल्यांदा उतराल तिथंच इमिग्रेशन, तिथंच बॅग घ्यायची, कस्टम्समधनं बाहेर काढायची आणि बाहेरच असलेल्या बॅगेज रीचेकच्या पट्ट्यावर परत सोडायची. शिकागोला परदेशी विमानं बहुतेक टर्मिनल ५ ला येतात, देशातल्या विमानासाठी तिथल्या छोट्या ट्रेननं दुसऱ्या टर्मिनलला जावं लागतं आणि सिक्युरिटी परत पहिल्यापासनं. दोह्याच्या ड्युटी-फ्रीमधनं अत्तराची मोठी बाटली घेतली असेल तर रीचेकला सोडायच्या आधी ती बॅगेत टाका, नाहीतर पुढच्या सिक्युरिटीत अडकेल. शिकागोतलं अंतर तीन तासांपेक्षा कमी असेल तर जावईबापूंना आत्ताच फोन करा, पुढचं विमान घेता येतं का बघा म्हणावं.

आणि दोघांनाही व्हीलचेअर सांगून ठेवा, किमान ४८ तास आधी. चालता येतं, कशाला, असं म्हणू नका. फुकट असते, आणि इमिग्रेशनच्या रांगेत काय विचारतात, कुठं वळायचं, हे सगळं ढकलणाऱ्या माणसाला माहीत असतं.

प्रश्न : लेक ऑस्ट्रेलियाला असते. तिला घरची चटणी, खोबऱ्याच्या वाट्या, तूप, थोडं सुक्कं मटण आणि जावयांना कोल्हापुरी चप्पल न्यायची आहे. काय हातात ठेवू, काय बॅगेत टाकू?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : ताई, मटण इथंच खाऊन घ्या. ऑस्ट्रेलिया काय किंवा अमेरिका काय, घरनं केलेलं मटण आत जाऊ देत नाहीत, तुम्ही कितीही कोरडं परतलं तरी.

खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवा. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात आणि २०२२ पासनं आपल्याकडं ते चेक-इन बॅगेतही चालत नाही. लोक खोबरं केबिनमधनं काढून चेक-इनमध्ये टाकतात आणि मग बॅग उघडायला बोलावणं येतं. चटणीत दळून गेलेलं खोबरं वेगळं, वाट्या वेगळ्या. पण चटणी केबिनमध्ये नको, तिखटाची पूड हातातल्या सामानात बंदच आहे, सिक्युरिटीवाला काढून बाजूच्या टोपलीत टाकतो आणि तुम्ही नुसतं बघत राहता. चेक-इनमध्ये टाका, आणि टाकताना नुसती पिशवी नको. कांदा-लसणाची चटणी तेल सोडते, दोन दिवसांत प्लास्टिकच्या पिशवीचा सांधा तेलकट होतो आणि विमानाच्या पोटात हवेचा दाब कमी झाला की तिथनंच फुटते, मग लेकीच्या साड्यांना वर्षभर डंकाचा वास. जाड पाऊच सील करून घ्या, त्याला टिश्यू गुंडाळा, परत दुसऱ्या पाऊचमध्ये घाला आणि घट्ट झाकणाच्या डब्यात उभा ठेवा. तूप घट्ट असलं तरी पातळातच धरतात, केबिनमध्ये १०० मिलीच्या वर नाही, तेव्हा तेही चेक-इनलाच. पण दूध-दुभत्याच्या बाबतीत ऑस्ट्रेलिया कडक आहे, थोडंच न्या आणि गेलं तर गेलं अशी तयारी ठेवा.

ऑस्ट्रेलियात एक गोष्ट करायची, विमानात कार्ड देतात त्यावर खाण्याचं काय काय आहे ते सगळं हो म्हणून लिहायचं. जे लिहून दाखवलं ते जास्तीत जास्त काढून घेतील. जे लपवलं त्याला दंड, आणि तो दंड तुमच्या वर्षभराच्या मसाल्याच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठा. चप्पल बिनधास्त न्या, नवी असेल तर प्रश्नच नाही, वापरलेली असेल तर तळ घासून माती काढा, त्यांना बाहेरची माती नको असते.

प्रश्न : हॅम्बुर्गला मास्टर्ससाठी निघालोय, जर्मनीचा लाँग-टर्म व्हिसा आलाय. एक तिकीट मुंबई-पॅरिस-हॅम्बुर्ग, मधे एक तास वीस मिनिटं. मित्रानं वेबसाईटवर यापेक्षा पंधरा हजार स्वस्त शोधलंय, त्यावर सेल्फ ट्रान्सफर असं काहीतरी लिहिलंय. कुठलं घेऊ? आणि पॉवर बँक किती चालते?
— विद्यार्थी, कसबा बावडा

उत्तर : सेल्फ ट्रान्सफर म्हणजे वेबसाईटनं दोन वेगळी तिकिटं एका पानावर चिकटवून तुला सलग असल्यासारखी विकली. वर शाहूपुरीच्या सरांचं जे झालंय तेच, फक्त परदेशात. मधल्या देशात बॅग घ्यायची तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागणार, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा चालणारा पाहिजे. नसेल तर मुंबईचा काउंटरच बोर्डिंग पास देणार नाही, म्हणजे पंधरा हजार वाचवायला गेलास आणि अख्खं तिकीट सहारला बुडालं. काही देशांत तर बाहेर न पडता नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, ब्रिटनला भारतीयांसाठी हा नियम आहे, काहींना सूट आहे पण त्याच्या अटी नीट वाचूनच. अभ्यासाला निघालेल्या पोरानं पहिल्याच प्रवासात हे धंदे करू नयेत असं माझं स्पष्ट मत.

पॅरिसवालं घे, पण एक तास वीस मिनिटांचं नको, त्याच कंपनीचं तीनेक तासांचं कनेक्शन बघ. कारण असं की तुझं इमिग्रेशन हॅम्बुर्गला होतच नाही, पॅरिसला होतं. शेंगेन देशांत, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपच्या देशांत, जिथं पहिला पाय पडतो तिथं पासपोर्टची तपासणी, पुढं पॅरिस-हॅम्बुर्ग म्हणजे कोल्हापूर-मुंबईसारखंच. शार्ल द गॉल अवाढव्य आहे, एका हॉलमधनं दुसऱ्या हॉलला चालणं, पासपोर्टची रांग, परत सिक्युरिटी. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासनं युरोपच्या सीमेवर पाहुण्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत सुरू झालीय, तुझा लाँग-टर्म व्हिसा असल्यानं तुला ती लागू नाही, पण पुढच्या लोकांना लागू असते आणि रांग त्यांच्यामुळं रेंगाळते.

याचंच पुढचं टोक, जे पोरं हमखास विसरतात : ॲडमिशन लेटर, ब्लॉक्ड अकाउंटचा (तिथल्या खर्चासाठी आधीच भरून ठेवलेल्या पैशांच्या खात्याचा) कागद, इन्शुरन्स, राहायच्या जागेचं पत्र हे सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये पाहिजे. पॅरिसचा अधिकारी विचारेल तेव्हा तुझी मोठी बॅग विमानाखाली कुठंतरी हॅम्बुर्गच्या वाटेवर असणार, आणि पेपर बॅगेत आहेत हे ऐकून तो काही खूश होणार नाही. सॅकमध्येच एक जोडी कपडे आणि रोजची औषधं, प्रिस्क्रिप्शनसकट.

पॉवर बँक केबिनमध्येच, चेक-इनमध्ये अजिबात नाही. १०० वॅट-अवरपर्यंत विचारावं लागत नाही. तुझी २०,००० एमएएचची असेल तर ३.७ व्होल्टनं ती ७४ वॅट-अवर होते, चालेल. पण आकडा तिच्यावर छापलेला दिसला पाहिजे, घासून गेला असेल तर काढून घेतात. आणि नेता येते म्हणजे विमानात वापरता येते असं नाही, एमिरेट्सनं १ ऑक्टोबर २०२५ पासनं वापर बंद केला, एकच न्यायची परवानगी ठेवली.

प्रश्न : आमचं विमान १५ तारखेला ००:३५ ला मुंबईहून आहे. १४ च्या रात्रीची महालक्ष्मी पकडली तर चालेल का?
— पन्हाळा

उत्तर : नाही हो! तुम्ही १५ च्या सकाळी दादरला उतराल तेव्हा विमान जाऊन सहा-सात तास झाले असतील. १५ तारखेचे ००:३५ म्हणजे १४ ची रात्र, जेवण झाल्यावर लगेचची. एअरपोर्टवर १४ ला रात्री नऊपर्यंत पोचायचं, म्हणजे गाडी १३ च्या रात्रीची. असं दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतं. आणि तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, दोह्याची वेळ दोह्याच्या घड्याळाची, वजाबाकी करताना हे धरा, लेओव्हरचा आकडा तिकिटावर वेगळा छापलेला असतो तोच खरा.

प्रश्न : दुबई-हैदराबाद-कोल्हापूर एकाच तिकिटावर आलो. बॅगेच्या टॅगवर केएलएच, म्हणजे कोल्हापूर, स्पष्ट लिहिलेलं, म्हणून हैदराबादला पट्ट्याकडं गेलोच नाही. कोल्हापूरला बॅग नाही. तक्रार केली तर म्हणतात चूक तुमची. टॅगला काही अर्थ आहे का नाही?
— इचलकरंजी

उत्तर : टॅगला अर्थ आहे, पण कस्टम्स टॅगच्या वर आहे. परदेशातनं येताना आपल्याकडं सर्वसाधारण नियम असा की भारतात जिथं पहिल्यांदा उतरलात तिथं बॅग स्वतः घ्यायची, कस्टम्समधनं न्यायची आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायची. उजळाईवाडीला परदेशातनं आलेलं सामान तपासायची सोयच नाही, त्यामुळं बॅग थेट इथं यायचा प्रश्न येत नाही. जाताना मात्र उलटं, कोल्हापूर-हैदराबाद-दुबई एका तिकिटावर असेल तर सहसा थेट जाते. जाताना एक नियम, येताना दुसरा, आणि कुणी सांगत नाही, त्यामुळं तुमचा वैताग मला कळतो. दुबईत टॅग लावणाऱ्यानं तोंडानं एक वाक्य सांगायला काय हरकत होती, पण सांगत नाहीत, म्हणून आपणच विचारायचं : ही बॅग मी पुढची कुठं उचलायची?

तुमची बॅग हरवलेली नाही, हैदराबादला पट्ट्यावर फिरून फिरून कंपनीच्या ताब्यात गेलेली असणार. बोर्डिंग पासला चिकटवलेली ती छोटी चिठ्ठी आहे ना, तिच्यावरचा दहा आकडी नंबर द्या, त्यावरच सगळा शोध चालतो. कस्टम्ससाठी कंपनी पासपोर्टची कॉपी, सहीचं पत्र, कुलूप असेल तर किल्ली मागू शकते.

बाकी वाचकांसाठी सांगतो, खरंच बॅग आली नाही तर हॉलच्या बाहेर पाऊल टाकायच्या आधी कंपनीच्या काउंटरवर पीआयआर नावाचा रिपोर्ट लिहून घ्या आणि त्याचा नंबर घ्या. घरी जाऊन फोन करतो म्हणालात की केस तिथंच मऊ पडली. बॅग फुटून आली तर सात दिवसांत लेखी कळवायचं, उशिरा आली तर मिळाल्यापासनं २१ दिवसांत. २१ दिवसांत आलीच नाही तर हरवली असं धरून भरपाई मागता येते. परदेश प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागतो, भारत त्यात २००९ पासनं आहे, आणि २८ डिसेंबर २०२४ पासनं सामानाची कमाल मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) झालीय, आपल्या पैशात पावणेदोन-दोन लाखांच्या आसपास. ही मर्यादा झाली, तेवढे सरसकट मिळत नाहीत, काय होतं ते दाखवावं लागतं. म्हणून बॅग बंद करायच्या आधी उघड्या बॅगेचा एक फोटो, बंद बॅगेचा एक, आणि बॅग नसताना घेतलेल्या कपड्या-ब्रशच्या पावत्या जपा. सोनं बॅगेत टाकून वर भरपाईची वाट बघणाऱ्यांना माझ्याकडं उत्तर नाही.

प्रश्न : बॅग ओळखायला लाल रिबन बांधली, पट्ट्यावर बघतो तर निम्म्या बॅगांना लाल रिबन. काय बांधावं?
— राजारामपुरी

उत्तर : काही लोंबतं बांधूच नका, मशीनमध्ये अडकून तुटतं. बॅगेच्या दोन्ही अंगांना ऑइल पेंटनं मोठं चिन्ह काढा, आणि आतमध्ये सगळ्यात वर नाव, मोबाईल, जिथं निघालात तिथला पत्ता लिहिलेला कागद ठेवा, बाहेरचं लेबल फाटलं तरी तो राहतो. आणि मागच्या प्रवासाचे टॅग, त्या बारीक बारकोडच्या चिकटपट्ट्यासुद्धा, नखानं खरवडून काढा. शान म्हणून ठेवतात लोक. मशीननं जुना बारकोड वाचला तर बॅग चुकीच्या पट्ट्यावर जाऊन बसते.